लांबवलेली गोष्ट आणि आखडलेला माणूस

एखाद्या छोट्या गोष्टीचे ताणून ताणून तीन चित्रपट केले, की आपले वृत्तपत्री समीक्षक एका वाक्यात निकाल देऊन मोकळे होतात: रबर ताणले. दूरदर्शनवरच्या रोजच्या मालिकेबद्दल हाच निकाल 'पाणी घातले' या शब्दांत दिला जातो. हा निकाल चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. तिकिटाचे पैसे मोजलेल्या माणसाला जांभई आली, एवढेच त्यातून कळते. वाढवलेला वेळ कुणाच्या वाट्याला गेला, हे कळत नाही. गावात जमिनीचा प्रश्न निघाला की एकूण शिवार किती एकरांचे आहे एवढे विचारून आपण थांबत नाही; सातबारा कुणाच्या नावावर आहे, हे विचारतो. गोष्टीतल्या वेळेचाही असा सातबारा काढता येतो. तो काढला पाहिजे, असे मला वाटते.

माझ्यासमोर जे उदाहरण आहे ते परदेशी आहे. जे. आर. आर. टॉल्किन या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने १९३७ साली 'हॉबिट' नावाची एक अद्भुतकथा प्रसिद्ध केली. मूळची ती स्वतःच्या मुलांना सांगितलेली गोष्ट. तीनेकशे पानांची, एकोणीस प्रकरणांची. न्यूझीलंडचा दिग्दर्शक पीटर जॅक्सन याने २०१२, २०१३ आणि २०१४ अशा लागोपाठच्या तीन डिसेंबरांत तिच्यावर तीन चित्रपट आणले. त्यांची एकूण लांबी ४७४ मिनिटे, म्हणजे आठ तासांना सहा मिनिटे कमी. याच लेखकाची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही हजार पानांहून मोठी कादंबरी. तिचेही जॅक्सनने २००१ ते २००३ या काळात तीनच चित्रपट केले होते. हजार पानांना तीन आणि तीनशे पानांनाही तीन, असा हा हिशेब आहे.

दलित साहित्याच्या नियतकालिकात याचे काय काम, असे कुणी विचारील. बोरी अरब आणि आसपासच्या खेड्यांतून दारव्ह्याला, यवतमाळला कॉलेजात जाणारी आमची मुले हे चित्रपट हिंदीत डब केलेल्या रूपात मोबाईलवर पाहतात आणि त्यातल्या लढाया त्यांना तोंडपाठ असतात. मूळ पुस्तक बहुतेकांनी पाहिलेले नसते. 'साहित्य आणि चित्रपट' या घटकावर प्रश्न आला, की तीच मुले गाइडमधले एक ठरलेले वाक्य उतरवतात: चित्रपट मूळ कलाकृतीशी प्रामाणिक आहे, किंवा नाही. हा प्रामाणिकपणा कुणाशी, हा प्रश्न गाइडमध्ये नसतो. आईबाप कापूस वेचायला जातात म्हणून घरातले पहिले पुस्तक स्वतःच आणणाऱ्या मुलाला तो प्रश्न सुचायला हवा. पण त्याला तो सुचू नये अशीच आपली साहित्य शिकवण्याची पद्धत आहे. मी स्वतः घरातला पहिला पदवीधर आणि इंग्रजीचा अध्यापक आहे. या पद्धतीच्या दोन्ही बाजू मला पाहायला मिळाल्या आहेत.

आधी पुस्तक पाहू. त्याचा नायक बिल्बो बॅगिन्स हा हॉबिट, म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीचा, अनवाणी चालणारा, खाण्यापिण्यात रमणारा जीव. त्याच्या घरात पैसा आहे, तो काही शोषित नाही; हे आधीच सांगून टाकलेले बरे, नाहीतर बुटका दिसला की तो आपला, अशी घाई आपल्याकडे होते. पण त्या जगात तो कुणीच नाही. त्याच्या कुळात राजा नाही, त्याच्या नावावर पराक्रम नाही, तलवार कशी धरतात हे त्याला ठाऊक नाही. तेरा बुटबैंगण (इंग्रजीतले ड्वार्फ) त्याला नोकरीवर घेतात. नोकरी चोराची, आणि करार लेखी: एकूण लाभाच्या चौदाव्या हिश्श्यापर्यंत मजुरी. ड्रॅगनने बळकावलेले त्यांच्या पूर्वजांचे सोने परत मिळवायचे आहे. बुटबैंगणांचा प्रमुख थोरिन आपली ओळख बापआजाच्या नावांनी करून देतो. बिल्बोला असे सांगण्यासारखे काही नाही. तो जे करतो ते अंगच्या हुशारीने करतो, आणि पुष्कळदा भीत भीत करतो.

या पुस्तकातले दोन प्रसंग माझ्या मते निर्णायक आहेत. पहिला अर्केन्स्टोनचा. हे थोरिनच्या घराण्याचे रत्न बिल्बोच्या हाती लागते. सोन्याच्या वाटणीवरून युद्ध पेटायची वेळ येते तेव्हा तो रात्री भिंतीवरून उतरतो, आपल्या मालकाच्या शत्रूंच्या छावणीत जातो आणि ते रत्न त्यांच्या स्वाधीन करतो. त्याच्या बळावर तडजोड व्हावी आणि रक्त सांडू नये, एवढाच हेतू. त्यासाठी तो आपल्या चौदाव्या हिश्श्यावर पाणी सोडतो. नोकराने मालकाच्या कुलप्रतिष्ठेपेक्षा माणसांचा जीव मोठा मानला, असा हा प्रसंग. दुसरा प्रसंग युद्धाचा. युद्ध टळत नाही, पाच सैन्ये भिडतात. आणि बिल्बोच्या डोक्यात एक दगड बसून तो बेशुद्ध पडतो. युद्धाचा शेवट त्याला शुद्धीवर आल्यावर दुसऱ्याच्या तोंडून कळतो. ज्या युद्धासाठी राजे आणि सेनापती जगतात ते युद्ध पुस्तकात थोड्याच पानांत आटोपते, कारण ज्याच्या डोळ्यांनी आपण पाहत आहोत त्याचे डोळे मिटलेले आहेत.

टॉल्किनने हे विचारपूर्वक केले की गोष्ट सांगताना तसे घडले, हा वाद निरर्थक आहे. परिणाम समोर आहे. मरणाच्या दारात थोरिन त्याच लहानग्याची क्षमा मागतो आणि साठवलेल्या सोन्यापेक्षा खाणे, हसणे, गाणे यांची किंमत जास्त असल्याचे मान्य करतो. बिल्बो घरी परततो तर तो मेला असे समजून त्याच्या सामानाचा लिलाव चाललेला; स्वतःच्याच काही वस्तू त्याला विकत घ्याव्या लागतात. मोठ्यांच्या इतिहासात जाऊन आलेल्या लहान माणसाचे याहून खरे स्वागत मला तरी अद्भुतकथेत आढळलेले नाही.

पुस्तक निर्दोष आहे असे कुणी समजू नये. त्यातले तीन राक्षस, ज्यांना इंग्रजीत ट्रोल म्हणतात, लंडनच्या कष्टकरी वस्तीतल्या बोलीत बोलतात. उच्चभ्रू प्राध्यापकाला राक्षस हवा होता तेव्हा त्याच्या तोंडी मजुराची भाषाच आली. मराठी नाटक-कादंबरीत गावठी बोली फक्त गडी, चोर आणि विनोदी नोकर यांच्या तोंडी येत असे, ते ज्यांनी वाचले त्यांना हे नवे वाटणार नाही. गॉब्लिन तर जन्मतःच दुष्ट आहेत. एखादी जमात जन्माने वाईट ठरवायची म्हणजे तिला मारताना वाचकाच्या मनाला काही लागत नाही. ही युक्ती आपल्या पुराणांत फार जुनी आहे. त्यांच्याकडे मी पुढे वळणार आहे.

आता चित्रपट. सुरुवातीला दोनच चित्रपट ठरलेले होते. चित्रीकरण आटोपत आले तेव्हा, जुलै २०१२ मध्ये, तीन करण्याचे जाहीर झाले. तिसऱ्या चित्रपटाचे नाव आधी पुस्तकाच्याच उपशीर्षकावरून ठरले होते; त्याचा अर्थ 'जाऊन परत येणे' असा आहे. एप्रिल २०१४ मध्ये ते बदलून 'पाच सैन्यांची लढाई' असे करण्यात आले. मला या सगळ्या प्रकरणात याहून बोलका पुरावा दुसरा दिसत नाही. जाऊन परत येणे हे लहान माणसाचे काम; राजाला परत येण्याचे कौतुक नसते, त्याला जिंकायचे किंवा मरायचे असते. नाव बदलले तेव्हाच गोष्टीचा मालक बदलला.

आणि मालक बदलल्यावर वेळेची नवी वाटणी झाली. पुस्तकात जी लढाई बेशुद्धीत निघून जाते तिने तिसऱ्या चित्रपटाचा फार मोठा भाग व्यापला आहे. बेशुद्ध बिल्बो आपल्याला दिसतो, पण आपले डोळे उघडेच राहतात. कॅमेरा त्याला तिथेच टाकून थोरिनच्या द्वंद्वयुद्धाकडे जातो. ॲझॉग नावाचा ऑर्क पुस्तकात पूर्वीच मारला गेलेला, केवळ उल्लेखापुरता आहे. चित्रपटाने त्याला जिवंत केले आणि त्याच्या आयुष्याला एकच हेतू दिला: थोरिनच्या पूर्वजांचे कुळ नष्ट करणे. म्हणजे खलनायकही कुळासाठी, नायकही कुळासाठी. पिंपांतून पळून जाण्याचा प्रसंग पाहा. पुस्तकात बुटबैंगण बंद पिंपांत कोंबलेले आहेत, बिल्बो एका पिंपावर बसून थंडीत कुडकुडत वाहत जातो, आणि सुटका झाल्यावर त्याला मिळते काय, तर पडसे! चित्रपटात पिंपे उघडी झाली, त्यांतून तलवारी निघाल्या, दोन्ही काठांवर ऑर्क मरू लागले. गुपचूप निसटणे हे दुबळ्याचे शहाणपण असते. पडद्याला ते पुरेसे शूर वाटले नाही.

बार्ड या धनुर्धराच्या बाबतीत चित्रपटाने एक पाऊल चांगले टाकले होते. पुस्तकात तो तिरंदाजांचा नायक आहे. चित्रपटात तो सरोवरावरचा गरीब नावाडी झाला, त्याला तीन मुले दिली, गावच्या लोभी मुख्याशी त्याचे वैर दाखवले. इथे काही घडू शकले असते. पण ड्रॅगन मरतो तो अखेर पिढीजात वारसा म्हणून जपलेल्या काळ्या बाणानेच, आणि नावाडी हा जुन्या राजवंशाचाच निघतो. वारशाचे सूत्र पुस्तकातही आहे, पण नावाडी पुस्तकात नाही. तो चित्रपटाने घडवला आणि स्वतःच मोडला. आल्फ्रिड नावाचे एक नवे पात्र मात्र खऱ्या अर्थाने सामान्य आहे. तो मुख्याचा हुजऱ्या. त्याला तिसऱ्या चित्रपटात बराच वेळ मिळाला, आणि तो काय करतो? भित्रा आहे, लबाड आहे, शेवटी बाईचे कपडे घालून छातीत सोन्याची नाणी कोंबून पळतो. कुळ नसलेल्या माणसाला वाढीव वेळ मिळाला तो असा, हसण्यासाठी.

टॉरिएल या स्त्रीपात्राविषयी मी थोडा वेगळा विचार करतो. टॉल्किनच्या या पुस्तकात बोलणारी स्त्री शोधूनही सापडत नाही. तेव्हा एक योद्धा स्त्री नव्याने घातली म्हणून तिच्यावर तुटून पडणारे टॉल्किनभक्त मला पटत नाहीत. मूळ ग्रंथात नाही म्हणून बाईला आत येऊ द्यायचे नाही, हा न्याय आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे. तक्रार वेगळी आहे. आत घेतल्यावर तिला दोन पुरुषांच्या मध्ये उभे केले आणि तिची सगळी मिनिटे प्रेमाच्या त्रिकोणात खर्च केली.

दिग्दर्शकाच्या बाजूने जे म्हटले जाते तेही ऐकले पाहिजे. चित्रपट ही वेगळी कला आहे, ती पुस्तकाची नक्कल नव्हे. शिवाय टॉल्किननेच पुढच्या कादंबरीच्या परिशिष्टांत या कथेची बरीच पार्श्वभूमी लिहून ठेवली आहे, ती वापरली तर बिघडले काय? काहीच बिघडले नाही. पण परिशिष्टांत असते काय? वंशावळी, युद्धे, राज्यांचे उदयास्त. लांबवण्यासाठी सामान शोधायला दिग्दर्शक परिशिष्टात जातो तेव्हा त्याला राजेच भेटतात, कारण तिथे नोंद त्यांचीच ठेवलेली असते. इतिहासाच्या कागदपत्रांत आपले पूर्वज शोधायला गेलेल्यांना हा अनुभव नवा नाही.

उलट या आठ तासांतला सर्वांत उत्तम भाग कोणता, याबद्दल भक्त आणि टीकाकार यांचे बहुधा एकमत होते: पहिल्या चित्रपटातला कोड्यांचा प्रसंग. अंधाऱ्या विवरात बिल्बो आणि गॉलम, कुणीही राजा नाही, एकमेकांना कोडी घालत आहेत आणि डावावर बिल्बोचा जीव आहे. तिथे वेळ दिलेला आहे आणि तो जरासुद्धा लांबलेला वाटत नाही. म्हणजे दोष लांबीत नव्हता. तिसऱ्या चित्रपटानंतर एका प्रेक्षकाने आपल्या हौसेने तिन्ही चित्रपट कापून सुमारे साडेचार तासांची एक आवृत्ती तयार केली. त्या कात्रीखाली आधी काय गेले असेल हे वाचकांनी ओळखले असेलच.

इथपर्यंत पडद्यावरचे झाले. पडद्यामागे काय झाले तेही कार्यकर्त्या वाचकांना ठाऊक असावे. चित्रीकरणाआधी, २०१० साली, न्यूझीलंडमधल्या नटांच्या संघटनेने सामूहिक कराराची मागणी केली आणि जगातल्या इतर नटसंघटनांनी तिला पाठिंबा देऊन या चित्रपटांत काम न करण्याचे आपल्या सभासदांना सांगितले. चित्रपट दुसऱ्या देशात नेण्याची भाषा सुरू झाली. वॉर्नर ब्रदर्सचे अधिकारी न्यूझीलंडला येऊन पंतप्रधानांना भेटले. २९ ऑक्टोबर २०१० रोजी संसदेने घाईघाईने कायदा बदलला: लेखी नोकरीकरार नसेल तर चित्रपटात काम करणारा माणूस कामगार नव्हे, तो स्वतंत्र कंत्राटदार. कंपनीला करसवलतही वाढवून मिळाली. लोक त्या दुरुस्तीला 'हॉबिट कायदा' म्हणू लागले. संघटित होऊन मजुरी ठरवण्याचा हक्क त्यांना पुन्हा मिळण्यासाठी २०२२ चा नवा कायदा यावा लागला. पुस्तकातल्या बिल्बोच्या खिशात निदान लेखी करार होता! त्याच्या नावाने निघालेल्या चित्रपटांनी, ज्यांची जगभरची कमाई सुमारे २९० कोटी डॉलर झाली, खऱ्या माणसांच्या खिशातला करार काढून घेतला.

आणखी एक गोष्ट. त्याच वर्षी नोव्हेंबरात हॉबिटांच्या गर्दीत उभे राहण्यासाठी माणसे निवडताना पाकिस्तानी वंशाच्या एका स्त्रीला तिची त्वचा गोरी नाही म्हणून परत पाठवण्यात आले. बोभाटा झाल्यावर निर्मात्यांनी जबाबदार माणसाला काढले आणि हे आमचे धोरण नव्हते असा खुलासा केला. खुलासा खराही असेल. पण जे प्राणी अस्तित्वातच नाहीत त्यांचा वर्ण कोणता असतो हे त्या माणसाला कुणी सांगावे लागले नव्हते, हे विसरता येत नाही.

हे सगळे परदेशात झाले म्हणून आपण निश्चिंत होण्याचे कारण नाही. ज्या वर्षी हॉबिटचा तिसरा भाग आला त्याच वर्षी, मे २०१४ मध्ये, झी मराठीवर 'जय मल्हार' सुरू झाली. ती एप्रिल २०१७ पर्यंत चालली. खंडोबाची कथा ही काही कादंबरी नव्हे, ती श्रद्धेची बाब आहे, आणि ज्यांची श्रद्धा आहे त्यांना दुखवण्यात मला रस नाही. पण एक आटोपशीर अद्भुतकथा जवळजवळ तीन वर्षे कशी चालवतात, हे पाहायचे तर महाराष्ट्रात याहून जवळचे उदाहरण नाही. 'मल्हारी माहात्म्या'तली कथा अशी: मणी आणि मल्ल हे दोन दैत्य ऋषींना त्रास देतात, शंकर मार्तंड भैरवाच्या रूपाने येऊन त्यांना मारतो. मरताना मणी शरण येतो, आपला घोडा देतो आणि देवाजवळ जागा मिळवतो. मल्ल शरण येत नाही. म्हणून त्याचे मस्तक पायरीशी येते आणि भक्तांनी त्यावर पाय देऊन देवळात जायचे. म्हाळसा वाण्याची, बानू धनगराची. बानूसाठी देव तिच्या बापाच्या घरी मेंढरे राखायला राहतो, ही भर लोकपरंपरेने घातली.

या कथेत लांबवण्यासारख्या जागा किती आहेत! मल्ल कोण होता, तो शरण का गेला नाही, त्याची प्रजा कोण? देवाचे 'मल्हारी' हे नाव मल्लाच्या शत्रुत्वावरून पडले, पण मल्लाची बाजू कुणी सांगितली? जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त हेच केले होते. अवतारांच्या छोट्या छोट्या अद्भुतकथा घेऊन ते एकच प्रश्न विचारत गेले: ज्याला मारले तो कोण होता? खंडोबाला त्यांनी बळीराजाच्या राज्यातला खंडाचा अधिकारी मानले. त्यांची व्युत्पत्ती आजच्या भाषाशास्त्राला मान्य होईल की नाही हा मुद्दाच नाही. वेळ कुठे द्यायचा हे त्यांना कळले होते, हा मुद्दा आहे. मालिकेने वेळ दिला तो मुख्यतः म्हाळसा-बानूंच्या सवतीपणाला. दोन स्त्रियांचे भांडण हे रोजच्या मालिकेचे रोजचे भांडवल. आणि मेंढरे राखणारा देव, म्हणजे राबणारा देव, हा त्या परंपरेतला सर्वांत मोठा विचार, तो प्रेमासाठी घेतलेले सोंग एवढाच उरला.

मुरळीचे काय? देवाला वाहिलेल्या पोरींविरुद्ध शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली सुरू केलेल्या 'सोमवंशीय मित्र'मधून मोहीम चालवली होती. १९३४ साली मुंबई प्रांतात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. या पोरीही मल्हारीच्याच कथेचा भाग आहेत. पण पौराणिक मालिकेच्या चौकटीत त्यांना प्रश्न म्हणून जागा नसते. तिथे भंडारा उधळला जातो आणि पुढचा भाग उद्या.

मात्र हीच कथा वाघ्या-मुरळी जागरणात रात्रभर लांबवतात, आणि ते लांबवणे मला परके वाटत नाही. तुणतुणे, खंजिरी आणि दिवटीच्या उजेडात वाघ्या देवाला ठिकठिकाणाहून बोलावतो, मध्येच यजमानाची थट्टा करतो, समोर बसलेल्या म्हातारीला कथेत ओढतो, बानूचे घर सांगताना धनगरवाड्याचा वास येईल असे सांगतो. दीड तासाच्या गोष्टीची पहाट होते. तिथे वाढलेला वेळ समोर बसलेल्या माणसांना मिळतो. आमच्याकडे चौदा एप्रिलला कव्वालीचा सामना लागतो तेव्हाही असेच होते. चार अंतऱ्यांचे भीमगीत अर्धा तास चालते. गायक एका ओळीवर थांबतो, तीच ओळ फिरवून फिरवून म्हणतो, तिच्यात गावचे नाव घालतो, वस्तीचे नाव घालतो, मंडपाच्या मागे उभ्या असलेल्या बायांकडे हात करतो. वामनदादा कर्डकांसारख्या गायकांनी खेड्यापाड्यांत हे गीत नेले ते याच बळावर. समीक्षकाच्या घड्याळाने मोजले तर हेही रबर ताणणेच. पण इथे दोर ताणणाऱ्याच्याही हातात आहे आणि ऐकणाऱ्याच्याही. ऐकणारा उठून गेला तर ओळ तिथेच संपते.

हा विषय आता निकडीचा होण्याचे कारण असे, की आपल्या कथांवरही चित्रपटवाल्यांची नजर गेली आहे. अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा'वर १९६३ सालीच चित्रपट आला होता, पण तेव्हा प्रश्न कथा दोन-अडीच तासांत बसवण्याचा होता. आज लांबवण्याचा आहे. मोबाईलवरच्या मालिकांना आठ-आठ, दहा-दहा भाग लागतात, आणि दलित आत्मकथने बहुधा आटोपशीर असतात. उद्या कुणी 'यात आणखी थोडी कथा हवी' म्हणत आपल्या लेखकाकडे येईल, तेव्हा त्या 'थोड्या कथे'त काय भरले जाणार आहे हे विचारण्याची तयारी हवी. भरले जाणार ते सहृदय सवर्ण नायकाचे प्रेम, की जमीनदाराच्या वाड्यातले भाऊबंदकीचे राजकारण? नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'चा (२०१६) 'धडक' (२०१८) होताना लांबी वाढली नाही, उलट कमीच झाली, आणि जात मात्र विरघळून गेली. लांबी वाढवायची असती तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही.

याच संदर्भात मला बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आठवते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली छापले. काही थोड्या पानांचा मजकूर, त्यातला पहिला प्रसंग १९०१ चा. तीही एका लहानग्याची 'जाऊन येण्या'चीच गोष्ट आहे. नऊ-दहा वर्षांचा भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले नवे कपडे घालून आगगाडीने बापाला भेटायला निघतात. मसूरला उतरतात, न्यायला कुणी आलेले नसते. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो, जात कळताच मागे सरतो. कुणी गाडीवान त्यांना नेत नाही. अखेर दुप्पट भाडे देऊन गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बरोबर पायी चालायचे, असे ठरते. बरोबर जेवण भरपूर आहे, पाणी नाही. रात्र होते. जकातीच्या नाक्यावर पाणी मागतात, मिळत नाही.

मालिकावाल्याच्या हाती हा मजकूर दिला तर तो लांबवील हे नक्की. पाठलाग घालील, एखादा क्रूर पाटील घालील, पावसात गाडी अडकवील. मूळ मजकुरात असे काहीही नाही. बाबासाहेबांनी त्या प्रवासात जी जागा मन लावून लांबवली आहे ती एकच: तहान. पाणी कुठे मिळेल याची चौकशी, गाडीवानाचा सल्ला, नाक्यावर काय सांगायचे याची शिकवणी, नकार, आणि शेजारी जेवणाचे डबे उघडेच. चार-पाच पानांत एवढा वेळ पाण्याला. आमच्या वर्गात हा उतारा वाचताना मी मुलांना एवढेच करायला सांगतो: पेन्सिल घ्या आणि 'पाणी' हा शब्द जिथे जिथे येईल तिथे खूण करा. मग हॉबिटच्या तिसऱ्या चित्रपटाचे घड्याळ लावा आणि बिल्बो जितकी मिनिटे पडद्यावर आहे तितकी वहीच्या दुसऱ्या पानावर लिहा. यंदा दोन मुलींनी हे काम पुरे केले आहे. त्यांच्या वह्या माझ्या टेबलावर आहेत आणि परीक्षेच्या उत्तरात त्या काय लिहितात याची मी वाट पाहत आहे.